राणी खरी, परटीण खोटी?

आकाशवाणीवर बोलायचं तर रेडिओपासूनच सुरुवात करतो. १९६३ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात केपीएफके नावाचं एक रेडिओ केंद्र होतं. ते आजही आहे. जाहिराती घ्यायच्या नाहीत, श्रोत्यांच्या देणग्यांवर चालायचं, असा त्याचा बाणा. अशा केंद्राला पैशाची चणचण कायमचीच. तेव्हा फिलिस पॅटरसन या शिक्षिका आणि त्यांचे पती रॉन यांनी केंद्राच्या मदतीसाठी एक जत्रा भरवली. फिलिसबाई आपल्या अंगणात मुलांना नाटक शिकवायच्या, त्यामुळे जत्राही नाटकासारखीच झाली. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातलं एक गाव उभं केलं आणि गावकऱ्यांची सोंगं घेऊन माणसं त्यात वावरू लागली. मे महिन्यातल्या त्या दोन दिवसांत हजारो लोक येऊन गेले.

तिथून ही प्रथा पसरली. आज अमेरिकेत जागोजागी अशा जत्रा भरतात. ‘रेनेसान्स फेअर’ म्हणतात त्यांना, म्हणजे प्रबोधनकाळाची जत्रा. आता तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखं काय? घोड्यांवरच्या भाल्यांच्या झुंजी, हातात धरून खायची टर्कीची भाजलेली तंगडी, मातीची भांडी, दोरीवरच्या कसरती. ते सगळं आहेच. पण माझं कुतूहल वेगळ्या गोष्टीत आहे. या गावात दोन प्रकारची माणसं भेटतात. एक, इतिहासात होऊन गेलेली : राणी, तिचे सरदार, दर्यावर्दी. दुसरी, कुणीतरी मनाने रचलेली : परटीण, मासेवाली, दवंडीवाला, भिकारी. यांतलं खरं कोण?

प्रश्न सोपा वाटतो. राणी खरी, परटीण खोटी. मलाही तसंच वाटत होतं.

विस्कॉन्सिन राज्यात केनोशाजवळ एक मोठी जत्रा उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी भरते. तिचं गाव म्हणजे इंग्लंडमधलं ब्रिस्टल बंदर, आणि साल नक्की केलेलं, १५७४. त्या वर्षी ऑगस्टमध्ये एलिझाबेथ राणी खरोखरच ब्रिस्टलला गेली होती. शहराने तिच्या करमणुकीसाठी नदीकाठी खोटे किल्ले बांधून लुटुपुटीची लढाई केली, तीही तीन दिवस. म्हणजे पाहा, मूळ प्रसंगातही सोंगंच होती!

साल ठरलं की ऐतिहासिक पात्रांचे हातपाय बांधले जातात. राणीचा जन्म सप्टेंबर १५३३ चा, म्हणजे ऑगस्ट १५७४ मध्ये तिला एकेचाळिसावं संपत आलेलं. म्हातारी राणी चालणार नाही, षोडशाही नाही. शेक्सपिअर लोकांना हवा असतो, पण १५७४ मध्ये तो दहा वर्षांचा पोरगा. फ्रान्सिस ड्रेकला कुणी ‘सर’ म्हटलं की चूक झाली, कारण ती पदवी त्याला १५८१ साली मिळाली. राणीचं काम करणारीला पुढे काय होणार हे ठाऊक असतं, पण तिने ते ठाऊक नसल्यासारखं वागायचं. कागदपत्रांच्या बाहेर पाऊल टाकलं की कुणीतरी अभ्यासू प्रेक्षक हटकणारच.

परटिणीला असं बंधन नाही, असं आपल्याला वाटतं. तिथेच आपण फसतो. तिचं नाव कुठल्या दप्तरात नाही, पण तिच्यासारख्या हजारो बायका होत्या. त्यामुळे तिचं काम करणाऱ्या मुलीला एका बाईचं चरित्र नव्हे, तर सगळ्या काळाची रीत शिकावी लागते. मी काय खाते, माझ्यावर कुणाचं कर्ज आहे, रस्त्यात कोण दिसलं की बाजूला व्हायचं, कुणाला ‘तू’ म्हणायचं आणि कुणाला नाही.

आणि डोक्यावर काय घालायचं? हे मला फार गमतीचं वाटतं. १५७१ साली इंग्लंडच्या संसदेने कायदा केला की सहा वर्षांवरच्या सामान्य माणसाने रविवारी आणि सणाच्या दिवशी लोकरीची, इंग्लंडमध्येच विणलेली टोपी घातली पाहिजे. नाही घातली तर दिवसाला तीन शिलिंग चार पेन्स दंड. उद्देश धर्माचा नव्हता, टोप्या विणणाऱ्यांचा धंदा वाचवण्याचा होता. सरदार, जमीनदार, खानदानी स्त्रिया यांना सूट. पुढे १५७४ च्या जूनमध्ये राणीने फर्मान काढलं : कुणी कुठलं रेशीम, कुठली जर, कुठला रंग वापरायचा याचे कायदे कडक पाळा. म्हणजे त्या गावात माणूस तोंड उघडण्याआधी त्याची टोपी बोलायची. सुताराचं सोंग घेणाऱ्याने मखमल घातली तर तो नुसता नटलेला राहतो, सुतार होत नाही. हे फर्मान राणीच्या सहीचं, पण ते दिसतं कुठे? सुताराच्या डोक्यावर.

आपल्या नाटकमंडळींत म्हणतात, राजाला राजा करतात ते बाजूचे. जत्रेत ते अगदी उघड दिसतं. मी तिथे गेलो होतो तेव्हा राणी यायच्या आधीच कळलं. आधी रस्त्यावरचा गलका थांबला. मासेवालीने टोपली खाली ठेवली, टोप्या उतरल्या, गुडघे वाकले. पर्यटकांतली मुलं आइस्क्रीम खायची थांबली. मग पालखीतून राणी आली. ती काही विशेष बोलली नाही, तरी राणी झाली. तिला राणीपण दिलं ते त्या न झालेल्या माणसांनी.

मिरवणूक गेल्यावर एका परटिणीने मला विचारलं, ‘‘पाहुणे, कुठल्या गावचे?’’ मी गंमत म्हणून म्हटलं, ‘‘हिंदुस्थानचा.’’ मला वाटलं, ताजमहाल किंवा ती एखाद्या हिंदी सिनेमाचं नाव घेईल. तिने कपडे आपटायचं थांबवलं, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, ‘‘मिरी येतात तिथला? मग तुम्ही श्रीमंत असाल.’’ मी निरुत्तर झालो. १५७४ साली ब्रिस्टलच्या परटिणीला हिंदुस्थानबद्दल फार तर एवढंच माहीत असणार. ताजमहाल बांधायला अजून साठेक वर्षं होती, ईस्ट इंडिया कंपनी निघायला सव्वीस.

पण एक गोष्ट तिला सांगावीशी वाटली, सांगितली मात्र नाही. ब्रिस्टलपासून फार दूर नसलेल्या विल्टशर परगण्यातला एक तरुण पाचच वर्षांनी, ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्याला उतरणार होता. तो मराठी शिकणार होता आणि ‘क्रिस्तपुराण’ लिहिणार होता. फादर थॉमस स्टीफन्स. हिंदुस्थानात आल्याची नोंद असलेला हा पहिला इंग्रज. अशा तरुणाचे कपडेही कुणा परटिणीनेच धुतले असतील ना? तिचं नाव कुणालाच माहीत नाही.

मेरीलँड राज्यात अ‍ॅनापोलिसजवळच्या जत्रेत गाव काल्पनिक, रेव्हल ग्रोव्ह नावाचं, आणि राजा मात्र खरा, आठवा हेन्री. प्रत्येक मोसमात त्याच्या कारकिर्दीतलं वेगळं साल, त्याप्रमाणे राणीही वेगळी. अ‍ॅन बोलिन हसत हसत लोकांचे मुजरे घेते तेव्हा समोरच्या सगळ्यांना माहीत असतं की १९ मे १५३६ ला तिचं मस्तक उडणार आहे. खरं पात्र असं लोकांच्या डोक्यात आधीच पूर्ण झालेलं असतं. परटिणीचं काय होणार ते मात्र कुणाला ठाऊक नसतं.

खऱ्या पात्रांची दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. ड्रेक घ्या. जत्रेत तो टाळ्या घेणारा वीर. पण १५६० च्या दशकात नातेवाईक जॉन हॉकिन्सबरोबर तो ज्या सफरींवर गेला, त्या आफ्रिकेतली माणसं पकडून स्पेनच्या वसाहतींत विकण्याच्या होत्या. ड्रेक १५७९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या ज्या किनाऱ्यावर उतरला असं मानतात, तो मरीन परगण्यात आहे. याच परगण्यात अशी एक जत्रा वर्षानुवर्षं भरत असे. तिथला ड्रेकचा पुतळा २०२० मध्ये काढला गेला आणि त्याच्या नावाच्या शाळेचं नाव २०२१ मध्ये बदललं.

मग जत्रेतल्या ड्रेकचं काय करायचं? मला विचाराल तर त्याला घालवू नये. त्याच्या मागे चार पावलांवर एक साधा खलाशी चालवावा. नाव काहीही ठेवा. १५६७ च्या सफरीवर गेलेला. त्या सफरीत मेक्सिकोच्या किनाऱ्यापाशी स्पॅनिशांशी लढाई झाली आणि परतताना जहाजात जागा आणि अन्न नाही म्हणून हॉकिन्सला शंभरेक माणसं तिथेच किनाऱ्यावर सोडावी लागली. आपला खलाशी घरी पोहोचलेल्यांतला. ड्रेकसाहेब लोकांचे मुजरे घेत असताना हा बाजूला पावाच्या दुकानापाशी उभा. एखादं पोर जाऊन विचारेल, ‘‘काका, तुमच्या जहाजात काय भरलं होतं?’’