जुन्या एमजीबीत न दिसणारे स्पीकर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

एमजीबी ही इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात बनलेली दोन आसनी स्पोर्ट्स कार. इंजिन 1798 सीसीचे, टप कापडी. टप मागे दुमडले की गाडी पूर्ण उघडी होते. बंद टपाची जीटी धरून या मॉडेलच्या पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. रेडिओ मात्र जादा पैसे मोजून घ्यायची वस्तू होती. तो न घेणाऱ्याच्या डॅशबोर्डवर त्या जागी एमजीचे अष्टकोनी चिन्ह असलेली झाकणपट्टी येई. रेडिओ घेतला तरी स्पीकर एकच असे, डॅशबोर्डच्या मध्याखालच्या छोट्या कन्सोलमध्ये. त्यामुळे आज या गाडीत चांगले संगीत ऐकायचे तर स्पीकर वेगळे बसवावे लागतात. ते दिसू नयेत, ही बहुतेक मालकांची अट असते. या कामाविषयीच्या काही चुकीच्या समजुतींमुळे चांगल्या गाड्यांचे कायमचे नुकसान झाले आहे.

त्यांतली सर्वांत महागात पडणारी समजूत अशी, की आवाज चांगला हवा तर दरवाजाचा पत्रा कापावाच लागतो. वस्तुस्थिती अशी की, दरवाजाचे आतले पॅड आणि त्यामागचा पत्रा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॅड म्हणजे हार्डबोर्डवर चढवलेले रेक्झिन. ते नवीन मिळते, किंवा जुने काढून ठेवून दुसरे कापता येते. पत्र्याला पाडलेले भोक मात्र बुजवायला वेल्डिंग आणि रंगकाम लागते, आणि कापलेली कड गंजायला लागते. शिवाय दरवाजाच्या पोकळीत खाली सरकणारी काच असते. काच पूर्ण खाली घेऊन मोजमाप केले नाही, तर स्पीकरचे चुंबक काचेला अडते. भारतात 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीने 50 वर्षांहून जुन्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली. त्यातही अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. म्हणून पहिला नियम एकच : जे बसवायचे ते मूळ स्क्रूंच्या भोकांवर बसावे आणि तासाभरात काढता यावे.

मग बसवायचे कुठे? सर्वांत जुनी जागा, म्हणजे डॅशबोर्डखालचा कन्सोल, अजूनही उपयोगी आहे, पण तिथे एकच स्पीकर मावतो आणि आजचे संगीत दोन वाहिन्यांचे असते. या अडचणीवर डाव्या-उजव्या वाहिनीच्या तारा एकत्र पिळून एका स्पीकरला जोडण्याचा उपाय काही ठिकाणी सर्रास केला जातो. तो चुकीचा आहे. त्यात दोन ॲम्प्लिफायर एकमेकांवर भार टाकतात आणि जळू शकतात. योग्य मार्ग म्हणजे दोन व्हॉइस कॉइल असलेला स्पीकर. एकाच कोनवर दोन स्वतंत्र गुंडाळ्या असतात, एकीला डावी वाहिनी जोडायची, दुसरीला उजवी. आवाज एकाच जागेवरून येतो, पण गाण्यातले काही गळत नाही आणि डॅशबोर्डचे रूप 1960 च्या दशकातलेच राहते. केवळ साथीला गाणे हवे असेल तर एवढी सोय पुरेशी आहे.

त्याहून चांगला आवाज हवा असणाऱ्यांसाठी दुसरी जागा म्हणजे पाय ठेवायच्या जागेतील बाजूचे पॅनेल. तिथे फायबरची किंवा प्लायवूडची उथळ खोकी मूळ स्क्रूंवर बसतात आणि गालिच्याच्या रंगाचे कापड लावले की नजरेला पडत नाहीत. इथे एक बारीक गोष्ट हमखास विसरली जाते. उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाडीत ॲक्सिलरेटर बाहेरच्या भिंतीला लागून असतो. चालकाच्या बाजूचे खोके जरा फुगीर झाले तर बूट तिथे अडकतो. म्हणून खोके पक्के करण्याआधी पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून, नेहमीचे बूट घालून तपासणी झालीच पाहिजे.

स्पीकर पॅनेलवर नुसता स्क्रूंनी बसवला की काम झाले, ही समजूतही खरी नाही. कोन पुढे येतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. मागची लाट वळसा घालून पुढे आली की दोन्ही एकमेकींना खोडतात. खर्जाच्या लाटा लांब असतात, त्यामुळे खोडल्या जातात त्या प्रामुख्याने त्याच. महागडा स्पीकरही उघड्यावर पोकळ वाजतो तो या कारणाने, आणि साधा स्पीकर बंद खोक्यात भरदार वाटतो तोही याच कारणाने. खोक्याच्या फटी फोमच्या पट्टीने बंद करणे हे स्पीकरच्या ब्रँडपेक्षा जास्त महत्त्वाचे काम आहे. जोडणीत एका स्पीकरचे धन-ऋण उलटे झाले तरी अशीच खोडाखोडी होते. आवाज येतो, पण खर्ज नाहीसा होतो.

पायाजवळच्या स्पीकरचे तीव्र स्वर गुडघ्यांवर आदळून थांबतात, ही तक्रार खरी आहे. तीव्र स्वर सरळ रेषेत जातात. त्यावर उपाय म्हणून सुमारे 25 मिलिमीटरचा वेगळा ट्वीटर डॅशबोर्डच्या खालच्या कडेमागे, कानाच्या दिशेने तिरका बसवतात.

आसनांमागचा कट्टा ही तिसरी जागा. कानापासूनचे अंतर कमी, हा तिचा मोठा फायदा. मोकळ्या हवेत अंतर अर्धे झाले की आवाज 6 डेसिबलने वाढतो, म्हणजे ॲम्प्लिफायरची शक्ती चौपट केल्याइतका. याच हिशेबावर माझदाने 1989 च्या एमएक्स-5 मध्ये डोक्याच्या आधारात स्पीकर बसवण्याची सोय ठेवली होती. एमजीबीच्या सुरुवातीच्या आसनांना असा आधारच नाही, म्हणून कट्ट्यावरचे खोके हा पर्याय उरतो. पण त्याच कट्ट्याखाली बॅटरी आहे. 1974 पर्यंत तिथे 6 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत, नंतर 12 व्होल्टची एक आली. चार्जिंग होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा खोक्याने झाकण कायमचे बंद करून चालत नाही. दुमडलेल्या टपाची चौकटही तिथेच येते, त्यामुळे मोजमाप टप खाली ठेवून घ्यावे लागते.

वॉट जितके जास्त तितका आवाज मोठा, हा समज दुकानातल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांनी पसरवला आहे. शक्ती दुप्पट केली तर आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटायला सुमारे 10 डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. डॅशबोर्डमधल्या साध्या रेडिओवर 50 गुणिले 4 वॉट छापलेले असते, पण 14.4 व्होल्टवर आणि 4 ओमच्या स्पीकरला प्रत्येक वाहिनीतून सलग मिळणारी स्वच्छ शक्ती 20 वॉटच्या आसपास असते. म्हणून खरेदी करताना पाहायचा आकडा संवेदनक्षमतेचा, म्हणजे ठरावीक शक्तीवर स्पीकर किती डेसिबल वाजतो त्याचा. 92 डेसिबलचा स्पीकर 20 वॉटवर जेवढा वाजतो, तेवढे वाजायला 86 डेसिबलच्या स्पीकरला 80 वॉट लागतात.

जुन्या गाडीत हा फरक थेट विजेच्या हिशेबात येतो. 1967 च्या अखेरीपर्यंतच्या एमजीबीला अल्टरनेटर नव्हे, 22 ॲम्पिअरचा डायनॅमो होता, आणि इंजिन मंद गतीवर असताना तो जवळपास काहीच देत नाही. हेडलाइट आणि वायपर चालू असताना मोठा ॲम्प्लिफायर बॅटरीवरच जगतो. क्लास डी प्रकारचा छोटा ॲम्प्लिफायर कमी वीज वाया घालवतो, ग्लव्हबॉक्समध्ये किंवा डॅशबोर्डमागे मावतो आणि ब्लूटूथने फोनला जोडता येतो. मग डॅशबोर्डवरची अष्टकोनी झाकणपट्टी जागची हलवावी लागत नाही.

याच जुन्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. स्पीकरला याचा काही फरक पडत नाही. फरक पडतो रेडिओ आणि ॲम्प्लिफायरला, कारण आजची उपकरणे ऋण टोक बॉडीला धरून बनतात. असे उपकरण धातूच्या कंसाने बॉडीला लागले की शॉर्ट सर्किट होते. गाडीची जोडणी उलटवणे शक्य आहे, पण ते नुसती बॅटरीची टोके बदलण्याचे काम नाही. डायनॅमोला नवी दिशा द्यावी लागते, इग्निशन कॉइलच्या तारा बदलाव्या लागतात आणि विजेवर चालणारा टॅकोमीटर असेल तर त्यातही फेरफार करावा लागतो. दुसरी खबरदारी स्पीकरच्या तारांची. पूर्वी एक टोक बॉडीला जोडून तार वाचवत. आजच्या ॲम्प्लिफायरचा सिग्नल दोन्ही तारांमधून जातो, म्हणून प्रत्येक स्पीकरला दोन स्वतंत्र तारा हव्यातच. बॅटरीकडून येणाऱ्या तारेचा फ्यूज बॅटरीजवळ असावा, उपकरणाजवळ नव्हे. कारपेटखाली घासून तार उघडी पडली तर तिला वाचवणारा तोच असतो.

टप घट्ट लागते, मग पाणी येत नाही, असे मानणाऱ्यांनी एका पावसानंतर दरवाजाच्या आत पाहावे. काचेच्या रबरी पट्टीतून पाणी पोकळीत उतरतेच. ते जाण्यासाठीच दरवाजाच्या तळाला छिद्रे ठेवलेली असतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत कागदी कोन मऊ पडतो आणि फोमची कड काही वर्षांत चुरा होते. पॉलिप्रॉपिलीनचा कोन आणि रबरी कड, किंवा सरळ नौकांसाठी बनवलेले स्पीकर हेच इथे टिकतात.

शेवटचा समज मोठ्या सबवूफरचा. बंद गाडीत काचा आणि छत खर्जाला साथ देतात. टप उघडले की ती साथ जाते, आणि वाऱ्याच्या आवाजातला सर्वाधिक जोर नेमका खालच्या पट्टीत असतो. वेगात असताना त्याच्याशी स्पर्धा करणे व्यर्थ आहे. छोट्या स्पीकरना सुमारे 100 हर्ट्झखालचा भाग फिल्टरने बंद करून सगळी शक्ती गायकाच्या गळ्याच्या पट्टीला दिली, तर शब्द स्वच्छ ऐकू येतात. तरीही महामार्गाच्या वेगाला उघड्या गाडीतला गोंगाट सहज 85 डेसिबलच्या वर जातो. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबलला दिवसाचे 8 तास, तर 94 डेसिबलला फक्त 1 तास ही कानासाठी मर्यादा आहे. वाऱ्यावर मात करण्यासाठी आवाज वाढवत नेला तर ही मर्यादा घाटमाथ्यावर पोचण्याआधीच संपते. अशा वेळी वेग कमी करावा किंवा टप चढवावे.