‘केस डिस्पोज्ड’ म्हणजे जिंकलो का? कोर्टातली इंग्रजी, गोंदियाच्या कानाने

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं होतं, कोर्टातली इंग्रजी समजावून सांगा ना. सांगतो. पण आधी आमच्या घरचा किस्सा ऐका, कारण हा भाग त्याच्यातूनच निघालाय.

आमच्या नात्यातल्या एका काकाजींचा धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरून शेजाऱ्याशी वाद. दिवाणी दावा काकाजींनीच टाकलेला. तारखेवर तारीख चाललेली. एक दिवस मी ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये त्यांचा सीएनआर नंबर टाकला. प्रत्येक केसला असा सोळा अक्षर-अंकी नंबर असतो, आपल्याकडचा ‘एमएच’पासून सुरू होतो. स्क्रीनवर आलं: केस डिस्पोज्ड. मी म्हटलं, काकाजी, निकाल लागला! घरी चहा झाला, वर चिवडाही आला.

तीन आठवड्यांनी वकीलसाहेबांकडे गेलो तेव्हा कळलं, निकाल लागलाच नव्हता. त्या तारखेला आपल्या बाजूने कोणी हजरच नव्हतं, म्हणून दावा काढून टाकलेला. त्याच स्क्रीनवर खाली ‘नेचर ऑफ डिस्पोजल’ अशी ओळ होती आणि तिच्यापुढे लिहिलं होतं ‘डिसमिस्ड फॉर डिफॉल्ट’. मी ती वाचलीच नव्हती. असा दावा परत फाईलवर घ्यावा म्हणून अर्ज करायला मुदत असते ३० दिवसांची. त्यातले चोवीस आम्ही चिवड्यात घालवले!

तर ‘डिस्पोज्ड’ म्हणजे फक्त एवढंच की त्या कोर्टापुरती फाईल बंद झाली. कशी बंद झाली, ते पुढच्या शब्दात असतं. दावा मंजूर झाला तर ‘डिक्रीड’, म्हणजे हुकूमनामा झाला. ‘डिसमिस्ड’ म्हणजे फेटाळला. ‘विथड्रॉन’ म्हणजे दावा टाकणाऱ्यानेच मागे घेतला. ‘कॉम्प्रमाइज्ड’ म्हणजे आपसात मिटलं. आणि दुसरी बाजू आलीच नाही म्हणून एकतर्फी निकाल लागला तर ‘एक्स पार्टी’. ह्याचा पार्टीशी काही संबंध नाही हं. आणि ज्याच्याविरुद्ध असा एकतर्फी हुकूमनामा झाला, त्यालाही तो रद्द करून मागायला ३० दिवसच असतात.

माझं निरीक्षण सांगतो. ‘अफिडेव्हिट’, ‘इंजंक्शन’ असे मोठे शब्द आपल्याला फसवत नाहीत. ते कळत नाहीत हे आपल्याला कळतं, मग आपण विचारतो. फसवतात ते ओळखीचे शब्द. ‘सर्व्हिस झाली’ म्हणजे गाडीची नाही, समन्स तुमच्या हातात पडलं. दिवाणी दाव्यात त्या दिवसापासून लेखी उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात. कोर्टाने कारण मान्य केलं तर ९० पर्यंत. ‘प्रेयर’ म्हणजे देवाची प्रार्थना नाही, दाव्याच्या शेवटी आपण कोर्टाकडे नेमकं काय मागतो ते. ‘कॉस्ट’ म्हणजे किंमत नाही, दुसऱ्या बाजूला झालेल्या खर्चापोटी किंवा त्रासापोटी कोर्ट भरायला लावतं ती रक्कम. काकाजींनाही ती भरावी लागली, तेव्हा कुठे दावा परत फाईलवर आला.

आणि ‘से’! हा तर आपल्या महाराष्ट्रातल्या कोर्टांचा खास लाडका शब्द. ‘समोरच्याचा से यायचाय’ असं वकील म्हणतात, तेव्हा अर्थ एवढाच की आपल्या अर्जावर विरुद्ध बाजूने म्हणणं दाखल करायचंय.

फौजदारीत आलं की ‘डिस्चार्ज’ ऐकून दवाखाना आठवतो. तिथे त्याचा अर्थ आरोपमुक्ती: खटला चालवण्याइतकं काही दिसत नाही म्हणून आरोप ठेवण्याआधीच सोडलं. ‘अक्विटल’ म्हणजे खटला चालला आणि निर्दोष सुटका झाली. ‘बेल’ म्हणजे नुसता जामीन, खटला तिथेच उभा आहे. गावात मात्र तिन्हींना एकच वाक्य: ‘सुटला ना तो!’ पोलीस ठाण्यात ‘एनसी घेतली’ म्हणाले तर समजायचं, अदखलपात्र नोंद झाली, एफआयआर नाही. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तिचा तपास होत नाही. आणि ‘चारसो बीस’ म्हणायची सवय आता जुनी झाली. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागते. त्यात तेच कलम ३१८ (४) आहे.

कोणी म्हणेल, आपण महाराष्ट्रात, मग इंग्रजी कशाला? बरोबर आहे. राज्य शासनाच्या २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा आणि तालुका कोर्टांची भाषा मराठी झाली आहे. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोशही आहे. पण संविधानाच्या कलम ३४८ प्रमाणे उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत चालतं आणि गोंदियाचं प्रकरण वर गेलं की नागपूर खंडपीठात जातं. शिवाय कायद्याची पुस्तकं, जुने निवाडे, वकिलांची आपसातली बोली, सगळी इंग्रजीची सरमिसळ. तसं पाहिलं तर ‘वकील’, ‘जामीन’, ‘फिर्याद’ हे शब्दही आपल्याकडे फारसी-अरबीतूनच आले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो फारसी शब्दांना पर्याय म्हणूनच. तरी हे तिघं टिकले ते टिकलेच.

वकील शोधतानाही शब्द लागतात. सात-बारा, फेरफार, म्हणजे ‘रेव्हेन्यू’चं काम, ते तहसीलदार आणि एसडीओकडे. जमिनीची मालकी कोणाची, हा वाद मात्र ‘सिव्हिल’. अपघाताची भरपाई ‘एमएसीटी’त. चेक बाऊन्सला ‘वन थर्टी एट’ म्हणतात, कलमाच्या नंबरावरून. नवेगाव-नागझिऱ्याच्या आसपासचे वनहक्क दावे कोर्टातून नाही, ग्रामसभेपासून सुरू होतात. तिथे सरळ वकील गाठणं म्हणजे चुकीच्या दाराची कडी वाजवणं.

शिकायचं कसं? यादी पाठ करू नका, मी करून पाहिली, आठवड्यात विसरलो. घरातल्या एखाद्या केसचा रोजनामा घ्या, म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद. त्यातले अडलेले शब्द फोनमध्ये लिहा आणि पुढच्या तारखेला वकिलांना विचारा. सर्वोच्च न्यायालयाचे काही निवाडे मराठीत भाषांतर होऊन वेबसाइटवर आलेत. एक मराठीतला आणि तोच इंग्रजीतला शेजारी ठेवून दोन पानं वाचा. वकील परवडत नसेल तर १५१०० वर फोन करा, विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतल्या माणसांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

काकाजींच्या केसमध्ये आता पुढच्या तारखेसमोर ‘एव्हिडन्स’ आलंय. काल त्यांनी स्वतःच फोन केला, ‘बाबू, हे पुराव्याचंच आहे ना? की पुन्हा चहा ठेवू?’