डिझेलच्या धुराची परीक्षा कितपत न्याय्य?
डिझेल वाहनाच्या धुराची तपासणी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ नुसार होते आणि तीत वापरला जाणारा धूरमापक धुराचे वजन करत नाही, तर धुरातून जाणारा प्रकाश किती अडतो ते पाहतो. या मापाला प्रकाश शोषण गुणांक म्हणतात. भारत स्टेज-४ या उत्सर्जन मानकाच्या वाहनांसाठी त्याची मर्यादा दर मीटरला १.६२, तर त्याआधीच्या वाहनांसाठी २.४५ आहे. गाडी न्यूट्रलमध्ये उभी ठेवून अ‍ॅक्सिलरेटर झटक्यात तळापर्यंत दाबला की जो लोट बाहेर पडतो, तोच मोजला जातो.

अन्यायाची शक्यता नेमकी येथे निर्माण होते. इंजिन थंड असेल, सायलेन्सरमध्ये जुनी काजळी असेल किंवा पाय सावकाश दाबला गेला, तर आकडा बदलतो. म्हणूनच इंजिन ऑइल किमान ६० अंश सेल्सिअस तापलेले असावे आणि अनेक फेऱ्यांची सरासरी घ्यावी, अशी कार्यपद्धती आहे. रस्त्यावरच्या घाईत हेच सोपस्कार गाळले जाण्याचा धोका असतो आणि मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड १०,००० रुपयांपर्यंत गेल्याने ही हयगय अक्षम्य ठरते. दुसरीकडे, भाराविना घेतलेली ही चाचणी घाट चढणाऱ्या भरलेल्या ट्रकचा खरा धूर दाखवत नाही आणि नायट्रोजन ऑक्साइड तर मोजतच नाही, त्यामुळे खरा दोषीही सुटू शकतो. तेव्हा चालकांनी दंड भरण्यापूर्वी तेलाचे तापमान आणि प्रत्येक फेरीचा छापील आकडा अवश्य मागावा.