लैंगिक कलाचा स्वीकार

लैंगिक कलाचा स्वीकार म्हणजे आपल्याला कोणत्या लिंगाच्या व्यक्तींविषयी भावनिक व लैंगिक आकर्षण वाटते हे ओळखून ते आपल्या व्यक्तिमत्त्वाचा स्वाभाविक भाग म्हणून मान्य करण्याची प्रक्रिया होय. समलैंगिक आणि उभयलैंगिक व्यक्तींच्या बाबतीत ही प्रक्रिया अनेकदा दीर्घ आणि क्लेशकारक ठरते. त्याचे कारण लैंगिक कल हे नसून त्याविषयीची सामाजिक धारणा हे आहे. महाराष्ट्रात, तसेच भारतात सर्वसाधारणपणे, या संघर्षाचे केंद्र कुटुंब असते आणि कुटुंबातही विवाहाचा प्रश्न असतो. या विषयावर मराठीत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून लेखन झाले असून मुंबई व पुणे येथील संस्थांनी १९९० नंतर त्यावर संघटित काम केले आहे.

स्वरूप आणि टप्पे

लैंगिक कल ही व्यक्तीने केलेली निवड नसते. बहुतेकांना किशोरवयात त्याची जाणीव होऊ लागते. मात्र ही जाणीव होणे आणि तिचा स्वीकार करणे या दोन वेगळ्या गोष्टी असून त्यांच्यामध्ये काही महिने किंवा अनेक वर्षेही जाऊ शकतात. ऑस्ट्रेलियन मानसशास्त्रज्ञ व्हिव्हियन कास यांनी १९७९ मध्ये या प्रवासाचे सहा टप्पे मांडले: संभ्रम, तुलना, सहन करणे, स्वीकार, अभिमान आणि समन्वय. प्रत्येक व्यक्ती याच क्रमाने जाते असे नाही. एखादी व्यक्ती एका टप्प्यावर दीर्घकाळ थांबते, तर एखादी मागेही फिरते. तरीही पहिल्या तीन टप्प्यांचे वर्णन अनेकांच्या अनुभवाशी जुळते. प्रथम 'हे तात्पुरते असेल' असे वाटते, मग 'मी एकटाच असा आहे' असे वाटते आणि पुढे 'मी असा आहे, पण हे कोणाला कळता कामा नये' अशी तडजोड केली जाते.

समाजाचा तिरस्कार व्यक्ती नकळत स्वतःच्या मनात साठवते आणि तोच स्वतःवर लागू करते. मानसशास्त्रात यास अंतर्गत समलैंगिकताद्वेष असे म्हणतात. सतत सावध राहणे, बोलताना मित्राला मैत्रीण म्हणणे, थट्टेत सामील होणे आणि पकडले जाण्याची भीती बाळगणे यांतून निर्माण होणाऱ्या दीर्घकालीन ताणाला अमेरिकन संशोधक इलान मेयर यांनी 'अल्पसंख्याक ताण' असे म्हटले.

कौटुंबिक दबाव

मराठी कुटुंबात विवाह हा केवळ दोन व्यक्तींचा निर्णय मानला जात नाही. मुलामुलींची लग्ने लावून देणे हे आईवडिलांचे कर्तव्य समजले जाते आणि ते पार पडले म्हणजे जबाबदारीतून मोकळे झाल्याची भावना असते. त्यामुळे शिक्षण पूर्ण होऊन नोकरी लागताच स्थळे येणे, पत्रिका जुळवणे आणि कांदेपोह्यांचे कार्यक्रम सुरू होतात. आपला कल घरी न सांगितलेल्या व्यक्तीला प्रत्येक स्थळ नाकारण्यासाठी नवे कारण शोधावे लागते. पुढील शिक्षण, नोकरीतील अस्थिरता, पत्रिकेतील दोष अशी कारणे काही वर्षे पुरतात. धाकट्या भावंडांची लग्ने खोळंबणे, आजीच्या डोळ्यांदेखत लग्न व्हावे ही इच्छा आणि 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न यांमुळे दबाव वाढत जातो. हा दबाव बहुधा धमकीच्या रूपात नव्हे, तर काळजीच्या रूपात येतो. म्हणूनच त्याला विरोध करणे अधिक कठीण जाते.

समलैंगिक व्यक्तीने दबावाखाली भिन्नलिंगी विवाह केल्यास त्याचा परिणाम तिच्यापुरता मर्यादित राहत नाही. 'लग्न झाले की सगळे ठीक होईल' या समजुतीने विवाह लावला जातो, परंतु लैंगिक कल विवाहाने बदलत नाही. जोडीदाराला मात्र नाकारले जाण्याचे कारण न कळताच नाकारले जाण्याचा अनुभव येतो. विशेषतः पत्नी स्वतःमध्येच उणीव शोधत राहते, मूल न झाल्याचा दोषही अनेकदा तिच्यावर येतो आणि घटस्फोटानंतरचा सामाजिक तोटा तिला अधिक सोसावा लागतो. हा जोडीदारावरील अन्याय असल्याचे या क्षेत्रातील मराठी कार्यकर्त्यांनी सातत्याने मांडले आहे.

समलैंगिक स्त्रियांवरील दबावाचे स्वरूप काहीसे वेगळे असते. आर्थिक परावलंबन, घराबाहेर पडण्यावरील बंधने आणि लवकर ठरणारे लग्न यांमुळे अनेकींना स्वतःच्या जाणिवेला नाव देण्याइतकाही अवधी मिळत नाही. मुंबईत १९९५ मध्ये स्थापन झालेला 'स्त्री संगम' हा गट अशा स्त्रियांना एकत्र आणणाऱ्या सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी एक होता. तो पुढे 'लेबिया' या नावाने ओळखला गेला.

राहण्याच्या जागेचाही या प्रश्नाशी संबंध आहे. संस्था, आधारगट आणि या विषयाची जाण असलेले समुपदेशक प्रामुख्याने मुंबई व पुणे या शहरांत आहेत. मध्य रेल्वेवरील बदलापूर हे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६८ किलोमीटर अंतरावर आहे. तेथील मांजर्लीसारख्या वस्तीत राहणाऱ्या तरुणाला अशा ठिकाणी पोहोचण्यासाठी दीर्घ लोकल प्रवास करावा लागतो आणि उशिरा परतण्याचे कारणही घरी द्यावे लागते. लहान घरात फोनवर एकांतात बोलणेही सोपे नसते.

वैद्यकीय दृष्टिकोन

अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९७३ मध्ये समलैंगिकता मानसिक विकारांच्या यादीतून वगळली. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी आपल्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीस मान्यता देताना तसेच केले. मात्र त्या आवृत्तीत एक नोंद शिल्लक राहिली. स्वतःचा लैंगिक कल मान्य नसणे आणि तो बदलावासा वाटणे ही स्वतंत्र वैद्यकीय अवस्था मानली गेली. या नोंदीचा आधार घेऊन कल 'बदलण्याचे' उपचार चालू राहू शकत होते. २०१९ मध्ये स्वीकारलेल्या अकराव्या आवृत्तीतून ही नोंदही काढून टाकण्यात आली. कलाविषयीचा त्रास हा नकाराच्या, भेदभावाच्या आणि लांच्छनाच्या अनुभवातून येतो, तो रोग नव्हे, हा विचार त्यामागे होता.

भारतीय मानसोपचार संघटनेने २०१८ मध्ये समलैंगिकता हा आजार नसल्याचे स्पष्ट केले. कल बदलण्यासाठी केलेले उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये राज्य वैद्यक परिषदांना कळवले.

महाराष्ट्रातील वाटचाल

र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये सुरू केलेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिली जात. त्यांत समलैंगिकतेविषयीचे प्रश्नही असत. अशा उत्तरांवरून कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. वाचक प्रामाणिकपणे शंका विचारत असेल तर तिचे शास्त्रीय उत्तर देणे अश्लील ठरत नाही, अशी बाजू त्यांनी मांडली. कर्वे खटला हरले आणि त्यांना दंड झाला.

पत्रकार अशोक राव कवी हे भारतात स्वतःची समलैंगिकता जाहीर करणाऱ्या पहिल्या व्यक्तींपैकी एक होत. तारुण्यात स्वतःचा कल स्वीकारणे कठीण गेल्याने ते रामकृष्ण मिशनमध्ये संन्यासमार्गाकडे वळले होते. तेथील ज्येष्ठ संन्यासी स्वामी हर्षानंद यांनी त्यांना स्वतःपासून पळून न जाण्यास प्रोत्साहन दिल्यावर ते मठातून बाहेर पडले. १९९० मध्ये त्यांनी 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक सुरू केले आणि १९९४ मध्ये मुंबईत हमसफर ट्रस्टची स्थापना केली.

पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट स्थापन केला. खिरे यांचा स्वतःचा विवाह झाला होता व तो घटस्फोटात संपला. काही काळ अमेरिकेत राहून ते पुण्यात परतले. या अनुभवाविषयी ते उघडपणे बोलले आहेत. समलैंगिकतेची माहिती सोप्या मराठीत उपलब्ध व्हावी यासाठी त्यांनी 'पार्टनर', 'इंद्रधनु' इत्यादी पुस्तके लिहिली. २०११ मध्ये पुण्यातील पहिली अभिमान यात्रा त्यांच्या पुढाकाराने निघाली.

पालकांची प्रक्रिया

मुलाने किंवा मुलीने सांगितल्यानंतर पालकांचाही स्वतंत्र प्रवास सुरू होतो. धक्का, नकार, 'आमचे काय चुकले' ही अपराधी भावना, नवस किंवा डॉक्टर यांद्वारे उपाय शोधणे आणि नातेवाइकांपासून लपवणे या अवस्था त्यांच्यातही आढळतात. जे सत्य पचवण्यास मुलाला काही वर्षे लागली, ते पालकांनी एका संध्याकाळी मान्य करावे ही अपेक्षा सहसा पूर्ण होत नाही. तथापि पालकांच्या वागणुकीचा परिणाम मोठा असतो. अमेरिकेत कॅटलिन रायन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, किशोरवयात कुटुंबाकडून तीव्र नकार अनुभवलेल्या तरुणांमध्ये आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे प्रमाण नकार न अनुभवलेल्या किंवा अत्यल्प अनुभवलेल्यांच्या तुलनेत आठपटींहून अधिक आढळले.

२०१५ मध्ये मुंबईतील कार्यकर्ते हरीश अय्यर यांच्या आईने मुलासाठी वर हवा असल्याची जाहिरात 'मिड-डे' या दैनिकात दिली. लग्न जुळवण्याची परंपरागत पद्धत पालकांनी स्वीकारासाठी वापरल्याचे हे उदाहरण बरेच गाजले. २०१७ मध्ये मुंबईत 'स्वीकार – द रेनबो पेरेंट्स' हा पालकांचा आधारगट सुरू झाला. समलिंगी विवाहाची सुनावणी चालू असताना २०२३ मध्ये या गटातील ४०० हून अधिक पालकांनी आपल्या मुलांना विवाहाचा अधिकार मिळावा, असे पत्र सरन्यायाधीशांना पाठवले. जो विवाह पूर्वी दबावाचे साधन होता, तोच येथे मुलांच्या बाजूने केलेल्या मागणीचा विषय झाला.

साहित्य आणि रंगभूमी

विजय तेंडुलकर यांच्या 'मित्राची गोष्ट' या १९८१ मधील नाटकात स्वतःचे स्त्रीविषयक आकर्षण ओळखणाऱ्या महाविद्यालयीन तरुणीची शोकांतिका आहे. चेतन दातार यांच्या '१, माधवबाग' या एकपात्री नाट्यकृतीत मुलाची रोजनिशी वाचून त्याचे सत्य जाणणारी आई बोलते. मोना आंबेगावकर यांनी त्याचे अनेक ठिकाणी प्रयोग केले. सचिन कुंडलकर यांच्या 'कोबाल्ट ब्लू' या २००६ मधील कादंबरीत घरी राहायला आलेल्या एकाच पाहुण्यावर भाऊ आणि बहीण प्रेम करतात. तो निघून गेल्यावर बहिणीचे दुःख घराला दिसते, भावाला मात्र ते उघडपणे व्यक्तही करता येत नाही.

कायदेशीर स्थिती

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेजसिंग जोहर खटल्यात प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून वगळले. इतिहासाने या समुदायाची आणि त्यांच्या कुटुंबीयांचीही माफी मागायला हवी, असे मत न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी निकालपत्रात नोंदवले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी न्यायालयाने समलिंगी विवाहास कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिला. ११ मार्च २०२४ रोजी देवू जी. नायर खटल्यात न्यायालयाने उच्च न्यायालयांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. कुटुंबाने प्रौढ व्यक्तीला डांबून ठेवल्याच्या प्रकरणात तिची स्वतःची इच्छा निर्णायक मानावी आणि समुपदेशनाच्या नावाखाली तिचा कल किंवा ओळख बदलण्याचा प्रयत्न करू नये, असे त्यांत म्हटले आहे.

साहाय्य

घरी सांगणे हा स्वीकाराचा अनिवार्य भाग नाही. आर्थिकदृष्ट्या परावलंबी असलेल्या किंवा हिंसेची शक्यता असलेल्या व्यक्तीने प्रथम विश्वासू मित्र, समुपदेशक किंवा आधारगट यांच्याशी बोलणे अधिक सुरक्षित मानले जाते. केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्यविषयक मदत विनामूल्य मिळते.

हे सुद्धा पहा

समलैंगिकता
उभयलैंगिकता
कलम ३७७
समाजस्वास्थ्य (मासिक)
हमसफर ट्रस्ट