एका स्पर्धेचे स्थलांतर : दिल्ली, चेन्नई, पुणे



या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्य, नाटक, इतिहास असे विषय झाले. आयुष्यभर मराठी शिकविलेल्या माणसाने टेनिसवर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ आपण येथे जमतो ते गुरुजी सकाळी व्याकरण शिकवीत आणि संध्याकाळी मैदानावर चुन्याच्या रेषा आखून, जाळीच्या जागी दोर बांधून, आम्हांला दोन जुन्या रॅकेटींनी आळीपाळीने खेळू देत. चेंडू रेषेच्या आत की बाहेर याविषयी वाद झाला, की ते खेळणाऱ्यालाच निर्णय विचारीत. ‘प्रामाणिकपणा’ या शब्दाचा अर्थ मी शब्दकोशातून शिकलो नाही, त्या रेषेवर शिकलो. म्हणून हा विषय निवडला.

विषय आहे बंद पडलेल्या एका स्पर्धेचा. २०१८ ते २०२३ या काळात पुण्याजवळच्या बालेवाडी येथे पुरुषांची जी आंतरराष्ट्रीय व्यावसायिक स्पर्धा भरत असे, तिला सामान्यतः ‘महाराष्ट्र ओपन’ म्हटले जाई. तिचा जन्म मात्र पुण्यातला नव्हे.

त्याआधी थोडे मागे जावे लागेल. १९७३ ते १९७९ या वर्षांत ‘इंडियन ओपन’ नावाची व्यावसायिक स्पर्धा आपल्याकडे होत असे. कधी दिल्ली, कधी मुंबई, कधी कलकत्ता, कधी बंगलोर असे तिचे फिरते बिऱ्हाड होते. पहिल्याच वर्षी दिल्लीत विजय अमृतराजने ऑस्ट्रेलियाच्या माल अँडरसनला हरवून ती जिंकली. १९७८ मध्ये कलकत्त्यात यानिक नोआ हा कोवळा फ्रेंच खेळाडू विजयी झाला. पुढे १९८३ मध्ये तोच पॅरिसच्या फ्रेंच स्पर्धेचा विजेता ठरला. आमची पिढी हे सारे वर्तमानपत्रांतून वाचत होती. १९७४ मध्ये भारत डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी खेळण्यास नकार देऊन त्याने चषकावर पाणी सोडले. त्या दिवसांत टेनिस हा केवळ श्रीमंतांचा खेळ आहे असे आम्हांला वाटत नसे. १९७९ नंतर ही स्पर्धा थांबली.

पुढची स्पर्धा १९९६ मध्ये दिल्लीत सुरू झाली. पहिला विजेता स्वीडनचा थॉमस एन्क्विस्ट. दुसऱ्याच वर्षी ती मद्रासला, म्हणजे नव्याने चेन्नई झालेल्या शहरात गेली आणि नुंगमबक्कमच्या स्टेडियममध्ये सलग एकवीस वर्षे राहिली. १९९७, १९९८ व १९९९ अशी तीन वर्षे लिएंडर पेस व महेश भूपती यांनी तेथे दुहेरीचे विजेतेपद घेतले. २००८ मध्ये रफाएल नदालने उपांत्य सामन्यात आपला मित्र कार्लोस मोया याच्याशी जवळजवळ चार तास झुंज दिली, आणि दुसऱ्या दिवशी थकलेल्या पायांनी अंतिम सामना मिखाईल यूझ्नीकडून ०-६, १-६ असा गमावला. पराभवाचा असा सामना मला विजयाच्या दहा सामन्यांहून अधिक बोलका वाटतो. २००९ मध्ये सोमदेव देववर्मन अंतिम फेरीत पोहोचला व मारिन चिलिचकडून हरला. स्टॅनिस्लास वावरिंकाने तर ही स्पर्धा चार वेळा जिंकली.

या काळात स्पर्धेचे नाव किती वेळा बदलले! गोल्ड फ्लेक ओपन, टाटा ओपन, चेन्नई ओपन, मग पुन्हा एका दूरध्वनी कंपनीचे नाव पुढे जोडून चेन्नई ओपन. नामाचे विशेषण पुरस्कर्त्याबरोबर बदलते. भाषेच्या अभ्यासकाला यात गंमत वाटते.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. अशी स्पर्धा शहराच्या मालकीची नसते. १९७२ मध्ये स्थापन झालेली एटीपी ही व्यावसायिक खेळाडूंची संघटना १९९० पासून वर्षभराच्या स्पर्धांचे वेळापत्रक चालविते. त्या वेळापत्रकातील एक आठवडा, म्हणजेच स्पर्धा भरविण्याचा परवाना, एखाद्या संस्थेकडे किंवा कंपनीकडे असतो. तो विकता येतो, भाड्याने देता येतो, दुसऱ्या देशात नेता येतो. आपल्या जुन्या व्यवस्थेत जमीन वतनदाराची आणि कसणारे कूळ निराळे असे, हेही तसेच. फरक एवढाच, की टेनिसच्या जगात कूळकायदा नाही. स्टेडियम सरकारच्या पैशाने उभे राहते, प्रेक्षक गावाचे असतात. परवाना मात्र कोणाच्याही डोळ्यांदेखत निघून जाऊ शकतो.

२०१७ च्या स्पर्धेनंतर तसेच घडले. चेन्नईचा आठवडा पुण्याला आला. खरे सांगायचे तर आपण महाराष्ट्रीय मंडळींनी त्या वेळी चेन्नईकरांच्या हळहळीकडे फारसे पाहिले नाही. बालेवाडीचे क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधलेले. तेथे जानेवारी २०१८ मध्ये फ्रान्सच्या जिल सिमोंने दक्षिण आफ्रिकेच्या केव्हिन अँडरसनला हरवून पुण्याचे पहिले विजेतेपद मिळविले.

५ जानेवारी २०१९ रोजी माझ्या पुतण्याने मला अंतिम सामन्यास नेले. एका बाजूस पुन्हा अँडरसन, दुसरीकडे क्रोएशियाचा इवो कार्लोविच, वय ३९, उंची सहा फूट अकरा इंच. तिन्ही सेट टायब्रेकवर गेले आणि अँडरसन ७-६, ६-७, ७-६ असा जिंकला. ज्या सर्व्हिसला प्रतिस्पर्ध्याची रॅकेट लागतही नाही, तिला मराठी वार्ताहर ‘बिनतोड’ म्हणतात. या शब्दाची नेमकी किंमत मला त्या दुपारी कळली. इंग्रजीत त्यास पत्त्यांतील एक्क्याचे नाव आहे. आपला शब्द अधिक चांगला, कारण तो चेंडूचे नव्हे तर समोरच्याच्या असहायतेचे वर्णन करतो. त्याच वर्षी दुहेरीत रोहन बोपण्णा व दिविज शरण विजयी झाले, तेव्हा माझ्या शेजारचे एक अपरिचित वृद्ध गृहस्थ उभे राहून बराच वेळ टाळ्या वाजवीत होते. मीही.

२०२० मध्ये स्पर्धा फेब्रुवारीत ढकलली गेली, कारण जानेवारीचा पहिला आठवडा ऑस्ट्रेलियात भरणाऱ्या नव्या सांघिक स्पर्धेने व्यापला. २०२१ मध्ये साथीमुळे ती झालीच नाही. २०२२ चा विजेता पोर्तुगालचा झुआंव सौसा, उपविजेता फिनलंडचा एमिल रूसुवुओरी. २०२३ ची स्पर्धा नेदरलँड्सच्या टॅलन ग्रीकस्पूरने जिंकली. २०२४ च्या जानेवारीत तो आठवडा हाँगकाँगला गेला होता. तेथे आंद्रेई रुब्लेव्हने अंतिम सामन्यात हरविला तोही रूसुवुओरीच.

मित्रहो, बुऱ्हाणपूरकरांना हे अनोळखी नाही. १६३१ मध्ये मुमताज महल येथे निवर्तली, तापीपलीकडे जैनाबादला सहा महिने तिचे दफन होते, मग शव आग्र्यास नेले आणि ताजमहाल तेथे उभा राहिला. ठेव आपल्याकडे, स्मारक दुसरीकडे.

परंतु केवळ हळहळण्यासारखे यात काय आहे, असे कोणी विचारील. उत्तर एका उदाहरणाने देतो. अशा स्पर्धेत मुख्य फेरीतील काही जागा, ज्यांना ‘वाइल्ड कार्ड’ म्हणतात, आयोजकांच्या अधिकारात असतात. क्रमवारीत बसत नसलेल्या स्थानिक खेळाडूला त्यातून प्रवेश देता येतो. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या मानस धामणे या पंधरा वर्षांच्या मुलाला अशी जागा मिळाली. अमेरिकेच्या मायकेल मोहकडून तो २-६, ४-६ असा हरला. हरणारच होता. पण त्या वयात, घरच्या मैदानावर, जगातल्या पहिल्या दीडशे खेळाडूंच्या आसपासच्या माणसाची सर्व्हिस कशी येते हे त्याने प्रत्यक्ष रॅकेटवर अनुभवले. ही गोष्ट दूरदर्शनवर पाहून शिकता येत नाही, आणि त्यासाठी परदेशी जायचे तर विमानाचे भाडे, राहण्याचा खर्च, प्रशिक्षकाचे मानधन हे सारे मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे असते. स्पर्धा गेली म्हणजे करंडक गेला असे नव्हे. ही दोन-तीन दारे गेली.

बालेवाडीस त्याखालच्या श्रेणीची, ‘चॅलेंजर’ म्हणून ओळखली जाणारी स्पर्धा भरत आली आहे. तीत गुण कमी, पैसा कमी, नामवंत कमी. पण आपल्या मुलांना जागा अधिक. पुतण्या म्हणतो की तिला प्रेक्षकही थोडेच येतात आणि हवी ती खुर्ची मिळते. प्रकृतीने साथ दिली तर भुसावळमार्गे पुन्हा एकदा पुण्यास जाऊन, कोर्टाच्या अगदी कडेला, रेषेच्या समोर बसावे असा माझा विचार आहे.