पाठीला खोलगा असलेली बॅट

रविवारी सकाळी उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरच्या एखाद्या मैदानात डोकावलात, तर टेनिसच्या चेंडूचे क्रिकेट चाललेले दिसेल. तिथली एखादी बॅट उलटी करून पाहा. बऱ्याचदा पाठीकडचे लाकूड काढून पन्हळीसारखा खोलगा केलेला असतो. लाकूड गेले, मग जोर कमी नाही का होणार?

गुरुजींनी वर्गात एक प्रयोग करावा. हातभर काठी मधोमध धरा, मुठीच्या दोन्ही बाजूंना लगत सारखे दगड बांधा आणि मनगटाने काठी इकडून तिकडे फिरवा. मग तेच दगड टोकांना बांधून फिरवा. वजन तेवढेच, पण आता काठी ऐकत नाही! वजन कडेला गेले की वस्तू सहजी गिरकत नाही.

गोल्फ म्हणजे काठीने चेंडू टोलवीत खळग्यात घालण्याचा खेळ. १९५९ साली अमेरिकेत कार्स्टन सोल्हाइम या इंजिनियराने गोल्फच्या काठीचे वजन तिच्या तोंडाच्या दोन्ही टोकांना नेले. चेंडू जरा बाजूला लागला तरी तोंड वळेना. हीच युक्ती १९७४ साली इंग्लंडच्या ग्रे-निकल्स कंपनीने क्रिकेटच्या बॅटीत आणली.

टेनिसचा चेंडू सुमारे ५८ ग्रॅमचा, क्रिकेटचा कातडी चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा. हलक्या चेंडूला जड लाकूड लागत नाही. बॅट किती वेगाने फिरते, हेच महत्त्वाचे. म्हणून खोलगा. सुताराकडून तो करवून घेणाऱ्या मुलांनो, कडा मात्र जाड राहू द्या. त्याच तासल्यात तर पैसे फुकट. आणि ती बॅट कातडी चेंडूपुढे नेऊ नका, तडकेल.