एक संगणक, शेकडो बिऱ्हाडं

बालमित्रांनो, मुंबईतली जुनी चाळ पाहिलीय ना तुम्ही? जिना एक, गॅलरी एक, नळ सामाईक. पण प्रत्येक खोलीला स्वतःचं दार आणि स्वतःचं कुलूप. आता एका संगणकाचीच अशी चाळ केली तर? एकाच यंत्रात शेकडो माणसांची बिऱ्हाडं! गंमत वाटली? पण आपल्या देशातल्या कित्येक घरांत इंटरनेट आलं ते अशाच चाळीतून.

भारतात १९८६ साली ‘एर्नेट’ हा प्रकल्प सुरू झाला. पण ते जाळं संशोधक आणि प्राध्यापक यांच्यापुरतं होतं. सर्वसामान्यांसाठी दार उघडलं १५ ऑगस्ट १९९५ रोजी. विदेश संचार निगम या तेव्हाच्या सरकारी कंपनीनं मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथे ही सेवा सुरू केली. एक खातं महागडं होतं. त्यात चित्रं दिसत. दुसरं स्वस्त, फक्त अक्षरांचं. त्याचं नाव ‘शेल अकाउंट’.

शेल म्हणजे कवच. बदामाला बाहेर कवच आणि आत गर असतो ना, तसंच. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’ ही प्रणाली रचायला घेतली. तिच्या गाभ्याला म्हणतात कर्नल, म्हणजे गर. आपण टाइप केलेली आज्ञा ऐकून ती गरापर्यंत पोचवणारा भाग म्हणजे शेल.

हे खातं वापरायचं कसं? घरचा संगणक मोडेमला जोडायचा, मोडेम टेलिफोनला. मोडेम कंपनीच्या मोठ्या संगणकाला फोन लावायचा. कर्रर्र, खर्रर्र, टुंई! तेवढा वेळ घरचा फोन अडकलेला. सुरुवातीला तर मागणी इतकी, की नंबर लागता लागत नसे. एकदा लागला, की आपलं नाव आणि पासवर्ड टाकायचा. बस्स, आपली खोली उघडली! ‘पाइन’ या प्रोग्रॅमनं पत्रं लिहायची-वाचायची, ‘लिंक्स’नं चित्रांशिवाय वेब वाचायचं. खरं काम त्या दूरच्या यंत्रात चाले, म्हणून घरचा संगणक जुनापुराणा असला तरी भागे.

पण मित्रांनो, एका यंत्रात इतकी माणसं, मग एकाची पत्रं दुसऱ्यानं वाचली तर? युनिक्सनं याचा छान विचार केलाय. प्रत्येक फाइलसाठी माणसांचे तीन प्रकार: मालक, त्याचा गट आणि इतर. परवानग्याही तीनच: वाचणं, बदलणं आणि चालवणं. तीन त्रिक नऊ! या नऊ खिडक्यांपैकी कुठली उघडी ठेवायची, ते मालक ठरवतो. सगळ्या किल्ल्या असतात फक्त ‘रूट’कडे, म्हणजे यंत्राची व्यवस्था पाहणाऱ्याकडे. म्हणून ते काम विश्वासाच्या माणसाकडेच द्यावं लागतं.

आणि पासवर्ड? तो यंत्रात जसाच्या तसा ठेवतच नाहीत. त्याचं दळण करतात! गव्हाचं पीठ होतं, पण पिठाचा पुन्हा गहू होतो का? नाही ना! तसंच गणिती दळण करून फक्त ‘पीठ’ साठवायचं. तुम्ही पुन्हा पासवर्ड टाकलात, की तो परत दळायचा आणि दोन्ही पिठं ताडून पाहायची. जुळली तर दार उघडणार. शिवाय दळताना त्यात चिमूटभर मीठ टाकतात. खरंच! त्याला ‘सॉल्ट’ असंच नाव आहे. प्रत्येकाचं मीठ वेगळं. त्यामुळे दोघांनी योगायोगानं एकच पासवर्ड ठेवला, तरी पीठ वेगळं निघतं आणि चोराला पत्ता लागत नाही.

कुलपं झाली, तरी चाळीत शेजारधर्म लागतोच. एकानं पिंपं भरून घेतली तर दुसऱ्याचा नळ कोरडा. इथंही तसंच. एकानं भलाथोरला प्रोग्रॅम चालवला, तर सगळ्यांचंच काम मंदावणार. म्हणून जागा मोजून मिळे आणि काम संपलं, की बाहेर पडायचं.

पुढे विदेश संचार निगम २००२ साली टाटा समूहाकडे गेला आणि फोन अडवणारी ती कर्कश शिट्टीही मागे पडली. पण चाळ मोडली असं समजू नका हं! आज तुमची किंवा आई-बाबांची ईमेल कुठे असते? हातातल्या फोनमध्ये दिसते खरी, पण ती जपून ठेवलेली असते दूरच्या, अनेकांच्या सामाईक यंत्रांवर. म्हणजे आपण अजून भाडेकरूच!

म्हणून, जिवलग मित्र असला तरी त्याला पासवर्ड सांगायचा नाही. चक्की कितीही चांगली असो, आपणच गहू वाटत सुटलो तर ती काय करणार? पालकांनो, हा नियम घरात एकदा मोठ्यानं बोलून घ्या. ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ असं मित्रानं विचारलं, तर उत्तर काय द्यायचं, तेही मुलांशी ठरवून ठेवा.

आता करून पाहा: वहीत तीन ओळी आणि तीन रकाने आखा. ओळींना नावं द्या: मी, घरचे, इतर. रकान्यांना: वाचणं, बदलणं, चालवणं. मग तुमची रोजनिशी, चित्रकलेची वही आणि सायकल यांच्यासाठी कुठल्या चौकटीत बरोबरची खूण करायची, ते ठरवा. ‘रोजनिशी चालवणं’ म्हणजे काय, ते मात्र तुम्हीच सांगा!